शोषण वाढलं, मग करंट का वाढला नाही? डाय सेलमधले सोन्याचे कोर-शेल नॅनोकण

शिरपूरच्या एका एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने साधारण १६ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण केले, त्यांच्यावर सिलिकाचं ३० नॅनोमीटर जाड कवच चढवलं आणि टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) पेस्टमध्ये मिसळून डाय सेल बनवले, म्हणजे ज्यात रंगद्रव्य प्रकाश घेऊन टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देतं असे सौर सेल. सोनं टायटॅनियाच्या वजनाच्या १ टक्का. यूव्ही-व्हिजमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडला ते मोजणाऱ्या यंत्रात) ५३० नॅनोमीटरच्या आसपास शोषण स्पष्ट वाढलेलं दिसतं, पण सेलचा करंट साध्या सेलपेक्षा थोडा कमीच येतो. 'मॅडम, सर म्हणतात कणांचं प्रमाण वाढव. वाढवू का?' आणि जोडीला दुसरा प्रश्न: यावलला मामांच्या केळीच्या शेतात सौरपंप आहे, पॅनेलवर चांदीच्या नॅनोकणांचा फवारा मारून वीज वाढवून देतो असं सांगणारा एक माणूस गावात येऊन गेला. मामांनी ते करून घ्यावं का?

मामांना आजच फोन करून 'नको' म्हणून सांग, कारण पुढे देते. तुझ्या सेलबद्दल: प्रमाण वाढवू नकोस. कवच पातळ कर. तुझा सगळा घोटाळा त्या ३० नॅनोमीटरमध्ये आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो.

सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राबरोबर मागेपुढे झुलतात. या झुलण्यालाच प्लाझ्मॉन म्हणतात. एका ठरावीक तरंगलांबीला हे झुलणं सर्वांत जोरात होतं. पाण्यातल्या लहान गोल सोन्याच्या कणांसाठी ती ५२० नॅनोमीटरच्या जवळ येते, चांदीसाठी ४०० च्या आसपास. जळगावच्या सराफ्यात पिवळंधमक दिसणारं सोनं तुझ्या बीकरमध्ये द्राक्षासवासारखं लाल दिसतं ते यामुळेच. फॅरडेने १८५७ साली असं लाल सोनं अभ्यासलं, आणि १९०८ साली गुस्ताव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने गोल कणांचं गणित पूर्ण मांडलं. आपण आजही तेच गणित वापरतो.

या झुलण्यातून प्रकाशाचं तीन प्रकारे काहीतरी होतं. कण प्रकाश विखुरतो, त्यामुळे तो सेलमध्ये तिरपा जाऊन जास्त अंतर कापतो. कणाच्या पृष्ठभागालगत क्षेत्र एकदम तीव्र होतं, तिथे रंगद्रव्याचा रेणू असेल तर तो जास्त प्रकाश पकडतो. आणि तिसरं, कण प्रकाश स्वतःच गिळतो आणि त्याची उष्णता करतो. पहिल्या दोन गोष्टींतून करंट मिळतो, तिसरीतून सेल फक्त तापतो.

आता आकार बघ. विखुरणं त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतं, गिळणं तिसऱ्या घातात. म्हणून लहान कण जवळजवळ फक्त गिळतात. सोन्याचा १६ नॅनोमीटरचा कण जेवढा प्रकाश घेतो त्यातला शंभरात एक भागही तो विखुरत नाही. सोन्याला विखुरण्यात दम यायला व्यास ८० नॅनोमीटरच्या घरात जावा लागतो. म्हणजे तुझ्या कणांकडून विखुरण्याची अपेक्षाच करू नये. त्यांच्याकडून मिळालाच तर फायदा लगतच्या क्षेत्राचा.

आणि तोच तू कवचात कोंडून टाकला आहेस. लहान गोलाभोवतीचं हे क्षेत्र केंद्रापासूनच्या अंतराच्या तिसऱ्या घाताने घटतं, त्याची तीव्रता सहाव्या घाताने. त्रिज्या ८ नॅनोमीटर धर. कवच ३ नॅनोमीटरचं असेल तर बाहेर बसलेल्या रंगद्रव्यापर्यंत पृष्ठभागावरच्या वाढीव तीव्रतेच्या साधारण १५ टक्के पोहोचते. कवच १० नॅनोमीटरचं केलंस की १ टक्क्याच्या आत. तुझ्या ३० नॅनोमीटरला ती दहा हजारांत एक भागही उरत नाही. रंगद्रव्याच्या दृष्टीने तुझ्या फिल्ममध्ये सोनं नाहीच.

आता वजनाचा हिशोब कर, तो आणखी बोलका आहे. ८ नॅनोमीटर त्रिज्येवर ३० चं कवच म्हणजे पूर्ण कणाचा व्यास ७६ नॅनोमीटर. घनफळ व्यासाच्या घनात जातं, त्यामुळे या कणात सोन्याच्या एका भागाला सिलिकाचे शंभराहून जास्त भाग आहेत. सोनं १९.३ घनतेचं आणि सिलिका २ च्या आसपास, हे धरूनसुद्धा १ ग्रॅम सोन्याबरोबर ११ ग्रॅम सिलिका जाते. टायटॅनियाच्या वजनाच्या १ टक्का सोनं घातलंस तेव्हा ११ टक्के सिलिका घातली गेली. घनफळाने बघितलं तर फिल्ममधल्या घन पदार्थाचा जवळपास सहावा हिस्सा. सिलिका विजेची विसंवाहक आहे, तिच्यावर बसलेलं रंगद्रव्य इलेक्ट्रॉन देणार कुणाला? करंट थोडाच कमी झाला हेच नवल. तेच कवच ३ नॅनोमीटरचं ठेवलं तर सिलिकेचं वजन सोन्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं राहतं.

मग शोषण का वाढलेलं दिसलं? यूव्ही-व्हिज यंत्राला पलीकडे किती प्रकाश पोहोचला एवढंच कळतं. जो पोहोचला नाही तो सगळा ते शोषणात धरतं. सोन्याने गिळला तरी शोषण, रंगद्रव्याने घेतला तरी शोषण, आणि ७६ नॅनोमीटरचे गोळे किंवा त्यांचे गठ्ठे यांनी बाजूला फेकला तरी ते शोषणच. एन७१९ रंगद्रव्याच्या शोषणाचा माथाही ५३० च्या जवळ आणि सोन्याचाही तिथेच, त्यामुळे नुसत्या वक्रावर नजर टाकून कोणाचा वाटा किती हे सांगणं अशक्य. इंटिग्रेटिंग स्फिअर लावून परावर्तित आणि पारगमित प्रकाश दोन्ही मोज, पडलेल्या एकूण प्रकाशातून ते वजा कर. विखुरण्याचा घोळ त्याने सुटेल. सोन्याने गिळलेल्याचा सुटणार नाही. त्यासाठी रंगद्रव्याशिवायची, फक्त टायटॅनिया आणि कण असलेली फिल्म वेगळी मोजावी लागते.

कवच पातळ करायचं, तर मग ते काढूनच का टाकू नये? नाही, कवच हवंच. तुझ्या सेलमधल्या द्रावणात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, आयोडाइड आणि ट्रायआयोडाइड आहेत. आयोडीन-आयोडाइडचं द्रावण सोनं विरघळवतं, चांदी तर त्याहून सहज सिल्व्हर आयोडाइड होऊन बसते. पेरोव्स्काइट या दुसऱ्या प्रकारच्या सौर सेलमध्येही बहुधा आयोडाइड असतं, तिथेही उघडी चांदी टिकत नाही. शिवाय उघड्या धातूवर टायटॅनियातला इलेक्ट्रॉन येऊन थेट इलेक्ट्रोलाइटला परत मिळतो, म्हणजे मिळवलेला करंट घरातल्या घरात संपतो. पेस्ट ४५० ते ५०० अंशांना भाजताना उघडे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि माथा सरकतो, ते वेगळंच. आणि रंगद्रव्य धातूला अगदी खेटून असेल तर त्याने घेतलेली ऊर्जा बाहेर पडण्याआधी धातूच ओढून घेतो. म्हणून अगदी शून्य नको आणि १० च्या पुढेही नको. ३ ते ५ नॅनोमीटर, छिद्ररहित. छिद्ररहित या शब्दाखाली रेघ ओढ.

कवच कशाचं, याने तर उत्तराची दिशाच बदलते. २०१२ साली प्रशांत कामत या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने एक फार सुंदर प्रयोग केला: त्याच सोन्यावर एकदा सिलिका, एकदा टायटॅनिया, आणि दोन्ही डाय सेलमध्ये. सिलिकाच्या कवचात सोनं विजेच्या बाबतीत अलिप्त राहतं, त्यामुळे फक्त प्रकाशाचा परिणाम दिसला आणि करंट वाढला. टायटॅनियाच्या कवचातून इलेक्ट्रॉन सोन्यात शिरून साठतात, फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जेची पातळी) वर सरकते, आणि तिथे वाढलं ते व्होल्टेज. दोन्हीकडे कार्यक्षमता वाढते, पण कारणं पूर्ण वेगळी. ज्यांनी फक्त कार्यक्षमतेचा आकडा पाहिला त्यांना हा फरक कधी कळलाच नसता.

याहून मोठा धडा ऑक्सफर्डच्या स्नेथ यांच्या गटाचा. २०११ मध्ये त्यांनी सिलिका चढवलेलं सोनं डाय सेलमध्ये वापरलं. २०१३ मध्ये तसेच कण पेरोव्स्काइट सेलमध्ये घातले, करंट वाढला, कार्यक्षमता ११.४ टक्क्यांपर्यंत गेली. प्लाझ्मॉनमुळे प्रकाश जास्त शोषला गेला असं लिहून ते मोकळे होऊ शकले असते. पण त्यांनी मोजून पाहिलं आणि लिहिलं की वाढ जास्त शोषणामुळे नाही, एक्सायटॉनची (प्रकाशाने तयार झालेल्या इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेच्या जोडीची) बंधन-ऊर्जा कमी झाल्यामुळे आहे. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो पेपर वाचावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या डोक्यात आधीच ठरलेलं कारण मोजमापाने बाजूला पडतं तेव्हा ते कसं लिहावं, हे त्यात शिकायला मिळतं.

तर तुझ्या पुढच्या फेरीत काय करायचं ते सांगते.

कण तू सायट्रेटने करतेस, ती १९५१ ची टर्केविच यांची रीत चांगलीच आहे. मोठे कण हवे असतील तर सायट्रेट कमी घाल, फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलेली हीच युक्ती. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. तापीकाठच्या आपल्या भागात बोअरचं पाणी जड असतं, साध्या आरओमधून आलेल्या पाण्यातही क्षार उरतात आणि कण एकमेकांना चिकटतात. लाल रंग जांभळट-निळा झाला की समज कण एकत्र आले. काचसामान आम्लराजाने धू, शेवटचं खळबळणं दुहेरी ऊर्ध्वपातित पाण्याने. आम्लराज फ्यूम हूडमध्येच, हातमोजे-चष्मा घालून, आणि बाटलीत साठवायचं नाही.

कवचासाठी टीईओएस (सिलिका देणारं रसायन) आणि अमोनियाची १९६८ ची स्टोबर रीत सगळे वापरतात, पण तिने जाड कवच सहज येतं, ३ नॅनोमीटरवर थांबवणं कठीण. पातळ कवचाला लिझ-मार्झान, गिएर्सिग आणि मुल्वानी यांची १९९६ ची रीत वापर: आधी सोन्याला सिलिका चिकटावी म्हणून एपीटीएमएस या रसायनाचा थर, मग सोडियम सिलिकेट, साधारण दिवसभर संथ ढवळणं. सगळं पाण्यातच होतं, इथेनॉलची घाई नाही. सायट्रेटचे कण सरळ इथेनॉलमध्ये ओतले तर ते बसतात, ते करूच नकोस. मे महिन्यात प्रयोगशाळेचं तापमान दुपारी चाळीसपर्यंत जातं आणि सिलिकाची वाढ तापमानाबरोबर बदलते, म्हणून वॉटर बाथ २५ अंशांवर ठेव. आणि ढवळणी यूपीएसवर जोड. चढणाऱ्या कवचात वीज जाऊन ढवळणं थांबलं तर ती बॅच फुकट जाते. चांदी घेतलीस तर अमोनियाजवळ नेऊ नकोस, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने अमोनिया चांदी खातो.

कवच झालं का ते कसं कळेल? सिलिकाने माथा काही नॅनोमीटर तांबड्याकडे सरकतो, ही पहिली खूण. जाडी टीईएमनेच (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने) कळते, त्यासाठी आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्राकडे नमुना पाठवता येतो. पण त्याआधी इथेच एक चाचणी कर: थोडे कण घेऊन त्यात तुझा पातळ केलेला आयोडाइड इलेक्ट्रोलाइट घाल. उघडे कण असलेल्या परीक्षानळीतला लाल रंग जाईल. कवच नीट असेल तर टिकेल. आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग गोंधळात टाकतो, म्हणून डोळ्यावर न जाता ५२० चा माथा यूव्ही-व्हिजवर वेळेप्रमाणे मोज. रात्रभर माथा खाली आला नाही तर कवच भरवशाचं.

सेल करताना तुलना फक्त 'साधा सेल आणि सोन्याचा सेल' अशी ठेवू नकोस. तिसरा सेल हवा: तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच प्रमाणात, आत सोनं नसलेले सिलिकाचे गोळे. हा सेल बहुतेक जण करत नाहीत आणि म्हणून त्यांचे निष्कर्ष लंगडे पडतात. नुसती सिलिकाही प्रकाश थोडा विखुरते आणि टायटॅनियाचा उघडा पृष्ठभाग झाकून इलेक्ट्रॉनची गळती थोडी थांबवते. सोन्याचं श्रेय सोन्याला देण्याआधी सिलिकाचं श्रेय वजा करायला हवं. प्रत्येक फिल्मची जाडी प्रोफायलोमीटरने मोज. डॉक्टर ब्लेडने (पेस्ट सपाट पसरवणाऱ्या पात्याने) ओढलेल्या फिल्ममध्ये १० टक्के फरक सहज पडतो, मग ८ टक्के वाढीचा दावा कसा करणार? रंगद्रव्य किती बसलं तेही काढ: सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते धुऊन घेऊन मोजायचं. आणि प्रत्येक प्रकारचे अनेक सेल एकाच दिवशी, एकाच पेस्टच्या बॅचमधून. सर्वांत चांगला निघाला तो एकच सेल दाखवायचा नाही.

फिल्म फार जाड ठेवू नकोस. १२-१४ मायक्रॉनच्या टायटॅनियात रंगद्रव्य ५३० ला जवळपास सगळा प्रकाश आधीच घेतं, तिथे सोन्याला करायला काही उरत नाही. ४-५ मायक्रॉनच्या फिल्ममध्ये खरा फरक दिसेल. याच कारणाने जाड सिलिकॉनवर ही युक्ती फार चालत नाही. पिल्लै, कॅचपोल, ट्रुपके आणि ग्रीन यांच्या २००७ च्या प्रयोगात १.२५ मायक्रॉन पातळ सिलिकॉनवर चांदीच्या कणांनी १०५० नॅनोमीटरला १६ पट वाढ मिळाली. आकडा मोठा आहे आणि खराही आहे. पण एवढं पातळ सिलिकॉन त्या तरंगलांबीला एका फेरीत हजारात साधारण दोन भागच शोषतं. सोळापट झाले तरी शंभरात तीन. पट वाचताना मूळ किती होतं ते आधी विचार.

सर्वांत महत्त्वाचं मोजमाप ईक्यूईचं, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला पडलेल्या फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन मिळाले ते. सोन्याचा सेल भागिले सिलिकाचा सेल असं गुणोत्तर काढून वक्र आख. ५२०-५६० च्या भागात उंचवटा आला आणि बाकी रेषा सपाट राहिली, तर वाढ प्रकाशाची. सगळीकडे सारखीच वाढ आली, तर ती विजेची आहे, गळती कमी झाली किंवा वहन सुधारलं, मग प्लाझ्मॉनचं नाव घ्यायचं नाही. ५०० च्या खाली खड्डा पडला तर सोनं तिथे प्रकाश गिळतंय. त्या भागात सोन्याची स्वतःची शोषणं असतात आणि त्यातून सेलला काही मिळत नाही. ईक्यूईची बेरीज करून आलेला करंट आणि सोलर सिम्युलेटरवरचा करंट जुळतात का तेही पाहा. फार अंतर असेल तर दिव्याची तीव्रता किंवा उजेड पडणारी जागा ठरवणारा मास्क तपास.

प्रमाण वाढवण्याबद्दल सरांना दाखवायला एक हिशोब देते. एक चौरस मीटर, १० मायक्रॉनची सच्छिद्र टायटॅनिया फिल्म म्हणजे साधारण २० ग्रॅम टायटॅनिया. त्याच्या १ टक्का सोनं ०.२ ग्रॅम. ग्रॅमला १०,००० रुपये धरले तर २,००० रुपयांचं सोनं. १० टक्के कार्यक्षमतेचा सेल एवढ्या जागेत भर उन्हात १०० वॅट देईल, म्हणजे वॅटमागे २० रुपये फक्त सोन्याचे. सिलिकॉनचं अख्खं पॅनेल आज साधारण त्याच भावात मिळतं. त्यामुळे हा अभ्यास प्रकाश आणि धातू यांचं नातं समजून घेण्यासाठी कर, फार मोलाचा आहे. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मात्र 'स्वस्त ऊर्जेसाठी' असं लिहू नकोस.

आता मामांचं पॅनेल. त्यात वर साधारण ३.२ मिलिमीटर जाड काच, तिच्याखाली प्लास्टिकचा थर, मग सिलिकॉन. काचेवर फवारलेला कण सिलिकॉनपासून मिलिमीटरांच्या अंतरावर, आणि त्याचं तीव्र क्षेत्र संपतं काही नॅनोमीटरांत. म्हणजे तो मार्ग बंद. विखुरलेल्या प्रकाशाचा काही भाग परत आकाशात जाईल आणि काही कण स्वतः गिळतील. राहिलं काय? तोटा. चांगल्या पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच सच्छिद्र सिलिकाचा परावर्तनरोधक थर दिलेला असतो, त्यात धातू नसतो, आणि वरून फवारणी-घासाघाशी केली तर तोच खराब होतो. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरही पिरॅमिड आणि नायट्राइडचा थर असतो, परावर्तन आधीच काही टक्क्यांवर आणलेलं असतं. नव्याने पकडायला तिथे फारसा प्रकाश शिल्लकच नाही.

आपल्या भागात पॅनेलची वीज वाया जाते ती उष्णतेने आणि धुळीने. पॅनेलचे आकडे २५ अंशांचे असतात. मे महिन्यात यावल-भुसावळकडे हवाच ४५ च्या पुढे जाते, सेल ६५ अंशांना सहज पोहोचतो, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्का धरला तर १४ टक्के वीज तिथेच गेली. साक्रीजवळ शिवाजीनगरच्या १२५ मेगावॅटच्या प्रकल्पालाही ऊन तेच आणि उष्णता तीच. मामांना सांग: पॅनेलच्या मागून वारा खेळू दे, खाली चारा-बारदान रचू नका. सकाळी पॅनेल गार असताना मऊ कापडाने आणि शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसले की निघता निघत नाहीत. केळीची पानं वाढून सावली पडत असेल तर तेवढी छाटा. एका कोपऱ्यातली सावलीसुद्धा त्या रांगेतल्या सेलचा करंट दाबून धरते.

उन्हाळ्यात तुझे सेलही जपावे लागतील. इलेक्ट्रोलाइटमधल्या अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाचा उत्कलनबिंदू ८२ अंश, इथल्या उन्हात ते सीलमधून निसटतं आणि सेल दोन दिवसांत उतरतो. मग तो दोष कणांचा वाटतो. मेथॉक्सीप्रोपिओनायट्राइल घे, करंट किंचित कमी येईल पण तुलना खरी होईल. आधी फक्त कवचाची बॅच कर, रात्रभरची आयोडाइडची चाचणी पार झाली की सिलिकाचा सेल आणि सोन्याचा सेल बरोबरीने बनव, आणि मला दोघांचे ईक्यूई वक्र पाठव. फक्त करंटचे आकडे पाठवलेस तर त्यांवरून मला काही सांगता येणार नाही.